घर दाखवणाऱ्या ताई

कुठल्याही घरात शिरल्या की त्या चपला काढून थेट बाथरूममध्ये जायच्या आणि नळ पूर्ण सोडायच्या. गिऱ्हाईक हॉलच्या मध्यभागी उभं राहून पंख्याकडे नाहीतर भिंतीच्या रंगाकडे बघत असायचं. आतून धो धो आवाज यायचा, किंवा यायचा नाही. मग त्या ओढणीला हात पुसत बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, "पाणी आधी बघा. हॉल कुठे पळून जात नाही."

तुम्ही मुलुंड पूर्वेला राहत असाल, किंवा कधी अकरा महिने राहून गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलेलं असणार. बारीक अंगकाठी, पन्नाशीच्या पुढचं वय, जाड तळाच्या चपला आणि हातात चाव्यांचा मोठा जुडगा. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. त्या पुढे आणि घर बघायला आलेलं कुटुंब दहा पावलं मागे, अर्धं चालत, अर्धं पळत. लिफ्ट खाली यायची वाट त्या कधी बघायच्या नाहीत. चौथ्या मजल्यावर पोचून त्या दार उघडून उभ्या, आणि दुसऱ्या मजल्यावरून गिऱ्हाइकाची धाप ऐकू येतेय, असं चित्र मी स्वतः पाहिलं आहे.

माझा त्यांचा संबंध कामातून आला. स्टेशनपासून सात मिनिटांवर माझं दुकान आहे. मूळचा तो वडिलांचा टायपिंग क्लास. टाइपरायटर गेले, झेरॉक्स आलं, झेरॉक्सचेही दिवस सरले आणि आता मी भाडेकरार करून देतो. लोक येतात, कॅमेऱ्यात बघतात, मशीनवर अंगठा टेकवतात आणि अकरा महिन्यांसाठी एका घराचे होतात. माझ्याकडे येणारे निम्मे करार ताईंनी जमवलेले असायचे. त्या मला सर म्हणायच्या, टायपिंग क्लासच्या जुन्या सवयीने. मी त्यांना ताई म्हणायचो. मुलुंडमध्ये सगळेच म्हणायचे.

बारा वर्षांत त्या माझ्या दुकानात कधी बसल्याचं मला आठवत नाही. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "बसते कुठे, पार्टी खाली उभी आहे," हे ठरलेलं उत्तर. पार्टी खाली नसायची तेव्हाही हेच उत्तर. चहासुद्धा त्या दारात उभ्याने, रस्त्याकडे तोंड करून प्यायच्या, आणि कप खाली ठेवण्याआधी चपलेत पाय गेलेला असायचा.

आमचं मुलुंड म्हणायला मुंबईत आहे. पण इथली माणसं अजूनही फोर्टात काम निघालं की "मुंबईला जाऊन येतो" असं सांगून निघतात, आणि पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला जायचं झालं तर तो आदल्या दिवसापासून ठरवतो. अशा गावातल्या बिल्डिंगा ताईंना माणसांसारख्या माहीत होत्या. कोणाला दमा आहे, कोण रागीट आहे, कोणाला वरवरचा रंग लावून उभं केलंय, सगळं तोंडपाठ.

सागरदर्शन नावाची एक इमारत आहे. तिथून सागर कधीच दिसला नाही. पूर्वी लांबवर मिठागरं दिसायची, आता समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं. एकाने नावावरून टोमणा मारला तेव्हा ताई त्याला गंभीरपणे म्हणाल्या की नावात काही खोटं नाही, फक्त मध्ये सात-आठ बिल्डिंगा आल्या आहेत. दुसऱ्या एका सोसायटीत सेक्रेटरी आणि खजिनदार हे सख्खे भाऊ, एकमेकांशी अबोला धरलेले. त्यामुळे जिना पहिल्या मजल्यापर्यंत पिस्त्याच्या रंगाचा आणि तिथून वर पिवळा. ताई तिथे गिऱ्हाईक नेताना सांगायच्या, "पिस्त्यात राहायला गेलात तर पिवळ्याकडे दिवाळीला जाऊ नका."

मास्टर बेडरूम या शब्दावर त्यांचा विशेष राग होता. त्यात डबलबेड टाकला की मास्टरला बाहेर उभं राहावं लागतं, असं त्या म्हणायच्या. नव्या टॉवरमध्ये पोडियम गार्डन म्हणून जे दाखवतात, त्याला त्या "गाड्यांच्या डोक्यावरचं प्लास्टिकचं गवत" म्हणत. हे सगळं त्या गिऱ्हाइकासमोर बोलायच्या, आणि तेही घरमालक शेजारी उभा असताना.

एकदा माझ्याच टेबलावर एक करार मोडता मोडता राहिला. नवं लग्न झालेलं जोडपं होतं. मुलगी विक्रोळीच्या एका लॅबमध्ये कामाला, मुलगा ठाण्याला. घर आवडलेलं, अंगठा टेकवायचा बाकी. आणि ताई दारातून म्हणाल्या, "एक राहिलं सांगायचं. मागच्या बाजूला लग्नाचा हॉल आहे. मुहूर्त असेल त्या दिवशी तुम्हाला घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही." मालकाने डोळे वटारले. मुलगी घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा थोडा विचार करून म्हणाला, "चालेल ना. निदान भांडणं होणार नाहीत." आणि त्याने अंगठा टेकवला.

सगळे गेल्यावर मी ताईंना विचारलं की जमलेलं काम असं का बिघडवता. त्या म्हणाल्या की फसवून दिलेलं घर अकरा महिन्यांनी परत अंगावर येतं. शिवाय भाजी आपण सगळे एकाच बाजारात घेतो, तिथे तोंड चुकवत फिरणं आपल्याला जमायचं नाही.

त्या स्वतः कुठे राहतात, हे मला दोन वर्षांनी कळलं. म्हणजे पत्ता माहीत होता, पण दर वेळी वेगळा. त्या स्वतःही भाड्यानेच राहायच्या. मुलुंडात आल्यापासून त्यांची सतरा घरं झाली होती, आणि शेवटच्या सहांचे करार मीच केले होते. सोबत फक्त वडील. वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी गेली, मागोमाग चाळीतली खोली गेली. आई तिथेच वारली होती. मग बाप-लेक मुलुंडला आले, आणि स्वतःसाठी खोली शोधता शोधता ताई दुसऱ्यांसाठीही शोधायला लागल्या. लग्नाचं त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

वडील म्हणजे उंच, वाकलेले, पांढरा लेंगा आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारे. ताईंना ते बाय म्हणत. घर बदलायच्या दिवशी टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी ताठ बसायचे आणि नव्या जागी उतरले की पहिल्यांदा विचारायचे, "स्टेशन खंयच्या बाजूक?" गिरणी बंद होऊन कित्येक वर्षं झाली तरी पाळीला वेळेवर पोचता यायला हवं, अशी त्यांची तयारी असायची. ताई हसून हाताने दिशा दाखवायच्या. ते मान हलवायचे, मग सामान आत यायचं.

पुढे ताईंची स्वतःचं घर घेण्याची ऐपत झाली. कर्जाची कागदपत्रं मीच लावून दिली. आता दोन-तीन महिन्यांत पेढे मिळतील, असं आम्हाला वाटलं. पण मुलुंडात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे ताईच निघाल्या. एक घर नको, कारण टाकी डोक्यावर. दुसरं नको, कारण खालच्यांचा कुत्रा आणि वरच्यांचा तबला. एका घराला उन्हाळ्यात पश्चिमेचं ऊन, दुसऱ्याला बाराही महिने अंधार. मी स्कूटरवर त्यांच्याबरोबर फिरून दमलो. एक घर मात्र असं मिळालं की मलाच मोह पडला. तिसरा मजला, पाणी भरपूर, खिडकीत जांभळाचं झाड, शेजारी निवृत्त नर्स. ताईंनी सगळं तपासलं, भिंतींवर बोटाने वाजवून बघितलं. मग चपला घालत म्हणाल्या, "हे नको. याच्यात काही खोड सापडत नाहीय. म्हणजे मोठी असणार."

त्या दिवशी परत येताना मी थोडा चिडूनच बोललो. म्हटलं, तुम्हाला घर घ्यायचंच नाही. त्या मागे बसल्या होत्या, चेहरा दिसत नव्हता. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या की सर, असेलही तसं. एकदा घर घेतलं की मग ते दिसेल तसं सोसायचं. आता काही बिनसलं तर निदान पुढच्या अकरा महिन्यांची सोय असते. चाळीतली खोली कायमची आहे असं समजून माझी आई तिथल्या भिंतीला दर गुढीपाडव्याला स्वतः चुना लावायची, असं त्या म्हणाल्या, आणि सिग्नल सुटला.

त्यानंतरच्या वर्षी, एप्रिलच्या एका सकाळी अकराच्या सुमारास, त्यांचा फोन आला. काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. मग कळलं की त्या बोलायचा प्रयत्न करताहेत आणि शब्द निघत नाहीय. वडील आठ वाजता दाढी करायला म्हणून गेले होते, न्हाव्याकडे पोचलेच नव्हते.

मी दुकान ओढून घेतलं आणि ताईंना स्कूटरवर घेऊन निघालो. स्टेशन बघितलं, बागा बघितल्या, दोन दवाखाने बघितले. पोलीस चौकीत नाव लिहून आलो. ताई सारख्या स्कूटरवरून उतरायच्या, चार पावलं धावायच्या, परत येऊन बसायच्या. मग मला वाटलं, ते चुकून आधीच्या घराकडे तर गेले नसतील? दोन महिन्यांपूर्वीच घर बदललं होतं.

आम्ही तिथे गेलो. दार एका तरुण गुजराती बाईने उघडलं. ताईंनी वर्णन सांगायच्या आधीच ती म्हणाली, "दादाजी ना? ते तर येतात. मंगळवारी आले होते. मी पाणी दिलं, बसले थोडा वेळ, गेले." ताईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने परकी भाषा वापरली होती.

त्याच्या आधीच्या घरी गेलो. तिथल्या आजी म्हणाल्या की हो, येतात कधीतरी. किल्ली आणायला विसरलो म्हणतात. आम्ही बसवतो, चहा देतो, मग त्यांचं त्यांनाच आठवतं आणि माफी मागून जातात. खूप सभ्य गृहस्थ आहेत. तुम्हाला कळवायला हवं होतं का?

अशी आम्ही पाच घरं केली, मागे मागे जात. पाचही ठिकाणी ते येऊन गेलेले होते. कोणी बिस्किट दिलं होतं, कोणी रिक्षात बसवून दिलं होतं, एकाने दारातून हाकललंही होतं. गेले किती महिने हे चाललं होतं, कोणाला ठाऊक. ताई दिवसभर सगळ्या मुलुंडला घरं दाखवत फिरत होत्या, आणि त्यांचे वडील त्याच मुलुंडात स्वतःचं घर शोधत होते. दोघांची रस्त्यात एकदाही गाठ पडली नव्हती.

सहावी इमारत पुनर्विकासाला गेलेली. चारी बाजूंनी निळे पत्रे, आत कोणी राहत नाही, तोडकाम सोमवारी सुरू होणार असं गेटवरचा वॉचमन म्हणाला. कोणी आत गेलेलं नाही, मी सकाळपासून इथेच आहे, असंही म्हणाला. आम्ही परत फिरणार तेवढ्यात ताई थांबल्या. मागच्या गल्लीच्या बाजूला कंपाउंडच्या भिंतीला एक खिंडार होतं, बाजारातून यायला जवळ पडतं म्हणून सगळे रहिवासी तिथूनच ये-जा करायचे. त्यांनीच कित्येक गिऱ्हाइकांना तो रस्ता दाखवला होता. तिथला पत्रा थोडा वाकलेला होता.

आम्ही आत गेलो. दारं, खिडक्या, ग्रिल, विजेची बटणंसुद्धा काढून नेलेली. जिन्यावर काचा. ताई पुढे धावल्या, मी मागून. दुसऱ्या मजल्यावर डावीकडची खोली. स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ लावून वडील जमिनीवर बसले होते. लेंगा धुळीने माखलेला, पायाचा अंगठा फुटून रक्त आलेलं. चेहरा मात्र शांत. आम्हाला बघून म्हणाले, "बाय, इलंस? दार खंय गेला?"

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर ओरडतील. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, त्यांच्या तोंडाला लावली, रुमाल ओला करून अंगठा पुसला. मग त्या विटांच्या चुऱ्यात, त्यांच्या शेजारी, मांडी घालून बसल्या. ताईंना बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

"बाबा," त्या म्हणाल्या, "आपण घर बदलला."

वडिलांनी दाराच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "कितीदा?"

ताईंना आकडा पाठ होता. मला तो त्या थट्टेने नेहमी सांगायच्या. त्या दिवशी वडिलांचा हात धरून त्या तशाच बसून राहिल्या. खाली वॉचमन शिव्या देत आम्हाला शोधत आला, दारात येऊन उभा राहिला, आणि परत गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांनी घर घेतलं. मी कागद वाचून हसलो, कारण तेच घर त्यांनी गेल्या वर्षी सात खोडी काढून नाकारलं होतं. तळमजला, पस्तीस वर्षांची इमारत, खिडकीखाली पाण्याची मोटर, भिंतीला कायमची ओल. मी सात खोडींची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, आठवी पण आहे, गेटला तेल नाही, उघडताना किंचाळतं. पण गेट उघडलं की आतल्या माणसाला कळतं. ते त्यांना हवं होतं.

वडील बाहेर पडायचे थांबले नाहीत. पण आता पत्ता एकच होता. भाजीवाल्यापासून शाळेच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ताईंनी तो सांगून ठेवला होता, माझ्याकडून चिठ्ठ्या छापून घेऊन वडिलांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात टाकल्या होत्या. दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी त्यांना हाताला धरून आणून सोडायचं. जुन्या घरांतली माणसंसुद्धा. ती गुजराती बाई तर त्यांना रिक्षातून घेऊन यायची आणि येताना डब्यात ढोकळा आणायची. ते आत शिरून मोटरचा घुं घुं आवाज ऐकायचे आणि खूश व्हायचे. त्यांना तो साच्यांचा वाटायचा, असं ताई म्हणायच्या. मला त्याबद्दल खात्री नाही. कदाचित ताईंनाच तसं वाटायला हवं होतं.

पावणेतीन वर्षांनी, त्याच घरात, दुपारच्या जेवणानंतर झोपले असताना ते गेले.

दिवस झाल्यावर ताई कामाला लागल्या आणि पूर्वीपेक्षाही जास्त फिरू लागल्या. सकाळी आठला निघायच्या. नाहूर, भांडुप, कांजूर, कुठेही घर दाखवायला जायच्या. मी एकदा म्हटलं की आता तरी घरी थोडं बसत जा. त्या चटकन मालवणीवर आल्या. म्हणाल्या, "माका बसूक जमना नाय, सर. बसलंय की गेटाचो आवाज ऐकत ऱ्हवतंय."

आणि मग त्यांची इमारतही पुनर्विकासाला निघाली. ज्या बाईने त्या इमारतीच्या आठ खोडी काढल्या होत्या, ती सर्वसाधारण सभेत एकटी विरोधात उभी राहिली. तिथे हजर असलेल्यांनी मला सांगितलं की ताईंनी आधी ओल, मोटर, गटार, वाकलेले गज, सगळं स्वतःच मोजून दाखवलं, सगळ्यांना पटलं, आणि शेवटी म्हणाल्या की तरी मी सही करणार नाही. कारण कोणी विचारलं, तर कारण नाही म्हणाल्या. चार महिने त्यांनी सही केली नाही. लोक घरी येऊन बोलून गेले. कोणी चिडले, कोणी माझ्याकडे येऊन मध्यस्थी करा म्हणाले. मी नाही केली.

मग एक दिवस पहिल्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात छताचा तुकडा पडला. म्हातारे थोडक्यात वाचले. ताईंनी त्यांच्या डोक्यावरची धूळ स्वतः झाडली, आणि संध्याकाळी जाऊन सही केली.

सही केल्यावर मात्र त्यांनी झपाटल्यासारखं काम केलं. सोळा कुटुंबांना तीन वर्षांसाठी भाड्याने घरं हवी होती. त्यातले म्हातारे कोणी ठेवून घेईना, कारण म्हाताऱ्या भाडेकरूंची मालकांना भीती वाटते. ताईंनी आधी म्हातारी माणसं लावली, सगळी तळमजल्यावर नाहीतर लिफ्टच्या इमारतीत, सगळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मालकांशी भांडल्या. एका मालकाला तर म्हणाल्या, तुम्ही म्हातारे होणार नाही असं लिहून द्या, सर टाइप करतील. एकेक करत सगळे करार माझ्या टेबलावर झाले आणि शेवटचा अंगठा टेकल्यावर माझ्या लक्षात आलं की हे पंधराच आहेत.

मी विचारलं, "तुमचा कुठे आहे?"

"बघते ना," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

त्यांनी स्वतःसाठी घर बघितलंच नाही. कुडाळजवळ त्यांच्या चुलत भावाचं घर आहे, तिथे पंधरा दिवस जाऊन येते म्हणाल्या. त्याला आता आठ महिने झाले. अधूनमधून फोन येतो. पहिल्या मजल्यावरच्या त्या म्हाताऱ्यांच्या नव्या जागेतल्या बाथरूमची गळती थांबली का, अमक्यांच्या लिफ्टचं काय झालं, हे विचारतात. येणार कधी असं विचारलं की बघते म्हणतात. तिकडे तरी बसता का असं मी विचारलं, तर म्हणाल्या की इथे अंगण मोठं आहे सर, फेऱ्या मारायला बरं पडतं. त्यांचा चाव्यांचा जुडगा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कोणता दोरा कोणत्या घराचा, हे मला माहीत नाही. लोक येतात, ताई नाहीत का विचारतात, मी दुसऱ्या एजंटचा नंबर देतो. तो लिफ्टने जातो.

त्या निघाल्या तो दिवस सांगायचा राहिला.

इमारत रिकामी झाली होती. पत्रे लावायला माणसं आली होती. ताईंचं सामान एका टेम्पोत मावलं. ते मी ओळखीच्या गोडाउनमध्ये पाठवलं. त्यांची बस दुपारी दोनची होती, मी त्यांना स्कूटरवर सोडणार होतो. त्या पिशवी घेऊन गेटपर्यंत आल्या, थांबल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि काहीतरी राहिलं म्हणून परत आत गेल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बस चुकेल म्हणून मी त्यांना बोलवायला गेलो.

दार उघडंच होतं. खोलीत एकही वस्तू नव्हती. ताई माझ्याकडे पाठ करून, जिथे वडिलांची कॉट असायची त्या कोपऱ्यासमोर उभ्या होत्या आणि बोलत होत्या. आवाज साधा होता, रोजचा. आमच्याकडे करार लिहून घेताना त्या जसं एकेक शब्द सुटा करून सांगायच्या, तसं सांगत होत्या.

"बाबा, हयसर आता येव नकात. घर पाडतले. मी गावाक जातंय, दादाच्या घराक." मग गावाचं नाव सांगितलं, वाडीचं सांगितलं, तालुका सांगितला, जिल्हा सांगितला. वळणावर आंब्याचं झाड आहे, तिथून उजवीकडे, असं सांगितलं. थोडा वेळ थांबल्या, जणू समोरच्याला लिहून घ्यायला वेळ दिला. आणि पुन्हा पहिल्यापासून सगळा पत्ता सांगितला, पिन कोडसकट.